रस्त्याकडचा खण

अल्लाहच्या नावानं सुरुवात करते. तो सगळ्यांना देतो आणि त्याला कधी कमी पडत नाही. आपल्याला पडतं, म्हणून हा कागद करावा लागतो.

मी, जैतुनबी, मरहूम राजमहंमद मणियार यांची बेवा, धंदा बायकांच्या हातात बांगड्या भरण्याचा, राहणार लोणावळे बाजार, तालुका मावळ, जिल्हा पुणे, आज रोजी अंथरुणाला खिळलेली असले तरी पूर्ण शुद्धीत आहे आणि सांगते ते समजून-उमजून सांगते. मला कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलून वळवायचा प्रयत्न एकदोघांनी केला, पण मी जन्मभर गोड बोलून गिऱ्हाईक बसवलेली बाई, मला ते लागू पडत नाही. मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि बाजारातले दस्त लिहून देणारे दत्तोबा लिहितात. सांगेन ते सगळं लिहायचं, मधलं काही गाळायचं नाही, असं आमचं ठरलं आहे. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही, सबब रद्द करण्यासारखं काही नाही.

शुद्धीचा विषय निघाला म्हणून एक खुलासा. गेले काही दिवस श्रावणातलं धुकं खिडकीतून सरळ आत येतं, माझ्या गोधडीवर बसतं, आणि त्यात मला हात दिसतात. नुसते हात, मनगटापासून पुढं. तोंडं मी विसरते, हात विसरत नाही. करवंदीच्या काट्यांनी ओरबाडलेले कुरवंड्याचे हात, पहाटेच्या शेणागोठ्यानं गार पडलेले लोहगडवाडीचे हात, परंदवडीच्या एका नव्या नवरीचा हळदीचा हात, जो माझ्या हातात भीतीनं घामेजला होता. एकेक हात पुढं येतो, मी डोळे मिटून चाचपते, मापाची बांगडी काढून भरते, आणि तो हात धुक्यात परत जातो. कुणी पैसे देत नाही, मीही मागत नाही. फार बरं वाटतं.

दत्तोबा म्हणाले, "बाई, वर पूर्ण शुद्धीत असं लिहिलंय, आणि खाली हात दिसतात हे कसं लिहू? उद्या कुणी हरकत घेतली म्हणजे?"

मी म्हणाले, "अहो, सोनाराला स्वप्नात सोनं दिसतं, मला हात दिसतात. लिहा."

त्यांनी लिहिलं. आता कलमं.

कलम पहिलं. माझं कफन लोखंडी पेटीत तळाशी आहे, शोधाशोध करू नये. कबरीला दगडी बांधकाम करू नये, मातीच बरी. ज्याला रडायचं त्यानं रडावं. झुंबरबाईनं मात्र रडू नये, कारण ती शेजारीण असली तरी तिचं रडणं खोटं असतं आणि त्यात तिला खोकला येतो.

कलम दुसरं. वरील झुंबरबाईकडे माझं तांब्याचं मोठं पातेलं आहे. तिच्या मुलीच्या लग्नात नेलं ते तिनं परत दिलं नाही. तिच्या त्या मुलीला आता मुलं झाली. पातेलं तिलाच राहू द्यावं. माझी एवढीच अट आहे की माझ्या मयतीला जमलेल्या बायकांत तिनं एकदा मोठ्यानं म्हणावं, "हे पातेलं जैतुनबीनं मला दिलं." 'दिलं' म्हणायचं. 'माझ्याकडं होतं' असं म्हणायचं नाही.

कलम तिसरं. बांगड्यांची टोपली, मापाची कडी, बिलोरी आणि राजवर्खी बांगड्यांचा जो माल शिल्लक असेल तो सगळा, आणि कुरवंडे, लोहगडवाडी व परंदवडी ही गावं, माझ्याजवळ राहणाऱ्या हसिनाला द्यावीत. गावं माझ्या मालकीची नाहीत हे मला कळतं, दत्तोबांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. पण त्या गावांत बांगड्या भरायला आमच्याच घरचं माणूस जातं, दुसरा मणियार तिकडं पाय ठेवत नाही, अशी आमची पिढ्यांची रीत आहे. माझ्या मागं हसिना जाईल.

तिला एक रीत सांभाळावी लागेल. हात भरून झाला की राजमहंमद एक बांगडी वर घालायचा. न मागता. कुणी म्हणालं, "भाऊ, ही कशापायी?" तर तो म्हणायचा, "असू दे." लग्न होऊन आले तेव्हा मला याचा फार राग यायचा. मी म्हणायची, अशानं टोपली रिकामी होईल. तो म्हणायचा, "टोपली रिकामी करायलाच तर निघालोय." अशा सढळ हाताच्या देण्याला 'सखावत' म्हणतात हे मला पुढं पेशइमामांकडून कळलं. राजमहंमदला तो शब्द ठाऊक होता की नाही, कोण जाणे.

पेशइमामांनी एका जुम्म्याला मशिदीत दोन माणसांची गोष्ट सांगितली, ती राजमहंमदनं घरी येऊन मला सांगितली. दोघांच्या अंगात लोखंडी कड्यांचा अंगरखा. देणारा देत गेला की त्याचा अंगरखा सैल होत जातो, पार पायांपर्यंत उतरतो. कंजुषानं देण्यासाठी हात उचलला की त्याचं एकेक कडं आवळतं, आणि हात छातीलाच चिकटून राहतो. मी म्हणाले, यात नवीन काय सांगितलं? बाईनं हात सैल सोडला तर लहान मापाची बांगडीही सुखानं जाते, आणि मूठ आवळली तर मोठ्या मापाचीही वाढते.

इथं दत्तोबांनी 'फुटते' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, वाढवतात. बामणाच्या घरी जन्मून एवढं कळू नये?

राजमहंमद गेला तेव्हा बेवेनं घरात बसायचे इद्दतीचे दिवस मी काढले, आणि मग भीत भीत टोपली उचलली. बेवा बाईच्या हातून सवाष्णीनं बांगडी का भरून घ्यावी? कुरवंड्याच्या वाटेला धुकं एवढं होतं की स्वतःचा पदर दिसत नव्हता. वाडीत जाऊन ओट्यावर बसले. बायका जमल्या, पण पुढं कोणी होईना. मग कुरवंड्याचीच एक, बयाबाई, गर्दीतून आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि हात पुढं केला.

"भर मावशी," म्हणाली. "काचंला काय ठावं, भरनारीला दादला हाय का न्हाई?"

मी म्हणाले, "बये, विचार कर."

"इचार कसला त्यात? आमाला बांगडी पायजे. आन् तुमी वरची एक घालता, ती बी पायजे. सोडनार न्हाई मी!"

सगळ्या हसल्या, आणि एकापाठोपाठ एक हात पुढं आले. त्या दिवशी ओट्यावर मी रडत रडत बांगड्या भरल्या. देणारे आम्हीच, असं मला तोवर वाटत होतं. बयाबाईला माझा सलाम सांगावा, आणि ती जिवंत असेतो तिच्याकडून पैसे घेऊ नयेत.

कलम चौथं. हसिना कोण, हे न्यायाधीशापुढं गेलं तरी कळावं म्हणून खुलाशानं लिहिते, कारण बाजारात याबद्दल तोंडाला येईल ते बोललं जातं.

हसिना ही माझे थोरले दीर दगडूभाई यांची मुलगी. दगडूभाई मुंबईला असायचे. माल ते तिथल्या एका पेढीवर घ्यायचे आणि पेढी तो रेल्वेनं इकडं पाठवायची. धंदा दोघा भावांचा सामाईक होता. एका खेपेला बोरघाटात डब्यांना हिसका बसला आणि दोन पेट्यांतला सगळा माल वाढला. आम्ही रेल्वेतल्या सोपानकडून मुंबईला तोंडी निरोप धाडला, "दोन पेट्या वाढल्या." बांगड्यांच्या घरात दुसरं कसं सांगणार?

पुढच्या गाडीनं दगडूभाई दारात हजर. बरोबर हमाल, हमालाच्या खांद्यावर दोऱ्या. ओसरीवर पाय ठेवायच्या आधीच म्हणाले, "वाढलेल्यात अर्धं माझं."

राजमहंमद हसला. त्याला वाटलं, भाऊ चेष्टा करतो. ती चेष्टा नव्हती. पेढीनं चुकून दोन पेट्या जास्त पाठवल्या आणि आम्ही त्या गिळायला बसलो, असं त्यांनी धरलं होतं. जन्म बांगड्यांत गेलेला माणूस, या शब्दाचा अर्थ पाळण्यात शिकलेला. पण निरोप कानांनी ऐकला नव्हता, हावेनं ऐकला होता. राजमहंमदनं त्यांना समजावलं, काचा दाखवल्या, तरी त्यांचा विश्वास बसेना. तेव्हा मी आत गेले, त्या काचांचा अर्धा ढीग सुपानं पोत्यात भरला आणि हमालाच्या डोक्यावर दिला. म्हणाले, "घ्या भाऊजी, वाढलेल्यात अर्धं तुमचं."

त्यानंतर ते आमचा उंबरा चढले नाहीत. चांगला माल दडवून काचा दिल्या, राजमहंमदची बायको चोर आहे, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. मीही ते मरेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. दत्तोबा विचारतात, 'त्याबद्दल मला खेद आहे' असं घालू का? नको. खेद नाही.

दगडूभाई वारल्यावर वर्ष-दीड वर्षानं हसिनाला तिच्या नवऱ्यानं टाकलं. माहेरी कोणी उरलं नव्हतं. ती एक गाठोडं घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि आत न येता म्हणाली, "चाची, मी वाटा मागायला नाही आले."

मी तिच्या हातांकडं पाहिलं. बापाचेच हात, लांब बोटांचे. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते मी सांगत नाही. तेवढ्यात मागून राजमहंमद म्हणाला, "जैतुन, तिला वाढ."

त्या दिवशी त्या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. मी ताट वाढलं, ती जेवली, आणि राहिली. माझ्या पोटी मूल नाही. रात्री पाय दाबते, सकाळी टोपली लावते, मी ओरडले की उलट बोलत नाही आणि मला त्याचाच राग येतो, अशी ही हसिना. रक्तानं ती माझी कोणी नाही आणि शरियतीनं वारस नाही.

कलम पाचवं. आता मुद्द्याचं. माझा वारस एकच, माझा सख्खा धाकटा भाऊ इनायत, मला बुबू म्हणतो, तळेगावला लाकडाची वखार चालवतो. आमची आई गेली तेव्हा तो दूधपिता होता. मी त्याला कडेवर घेऊन मोठा केला. तेव्हापासून त्याची मूठ घट्ट. रमजानात खजूर दिला तर खायचा नाही, मुठीत धरून झोपायचा आणि सकाळी चिकट मूठ मला उघडायला लागायची. मोठेपणी खजुराऐवजी जागा आल्या, एवढाच फरक.

माझं घर तीन खणांचं. रस्त्याकडचा खण, मधला, आणि परसाकडचा. रस्त्याकडच्या खणाला बाजारातून दार आहे, तिथं बसून मी बांगड्या भरते. पावसाळ्यात कुरवंड्याची वाट बंद पडली की तो खणच पोट भरतो. परसाकडच्या खणाला बाजारातून दार नाही.

मी पेशइमामांना बोलावून विचारलं, "सगळं घर हसिनाला दिलं तर?"

ते म्हणाले, "बीबी, मृत्युपत्रानं परक्याला द्यायचा तो तिसरा हिस्सा, आणि तोही पुष्कळ झाला. बाकीचं वारसाचं."

"मग आत्ताच बक्षीस देऊन टाकते."

"मरणाच्या आजारात दिलेलं बक्षीसही तिसऱ्या हिश्शातच धरतात. वारसाच्या ताटातलं उचलून दुसऱ्याला वाढलं, तर ती सखावत नव्हे."

मला फार राग आला. ते गेल्यावर मी भिंतीकडं तोंड करून पडले. मग डोळा लागला असावा, कारण मी कुरवंड्याच्या वाटेवर होते आणि पुढं राजमहंमद चालला होता. धुक्यात त्याची नुसती पाठ दिसत होती, आणि डोक्यावरच्या टोपलीतल्या बांगड्यांची किणकिण ऐकू येत होती. मी हाका मारल्या, "अहो, थांबा, त्या इनायतचं काय करायचं ते सांगा!" तो थांबला नाही. किणकिण मात्र वाटेत सांडत गेली, दवासारखी, आणि मी ती वेचत वेचत मागून चालले. जागी झाले तेव्हा राग गेला होता. पेशइमामांचं मला पटलं. दुसऱ्याच्या खिशातून उदार व्हायला काय लागतं?

तर मी असं ठरवते. परसाकडचा खण हसिनाचा. तो तिसऱ्या हिश्शात सहज बसतो, त्याबद्दल कोणाला तोंड उघडता येणार नाही. मधला खण इनायतचा. रस्त्याकडचा खण हसिनाला मिळावा अशी माझी इच्छा आहे. पण मिस्त्री सांगून गेला की तो एकटाच बाकीच्या दोन खणांच्या तोलाचा आहे, म्हणजे माझा हात माझ्या हिश्शाबाहेर जातो. तेवढं इनायतनं हो म्हटलं तरच टिकेल. नाही म्हटलं तर तो खण त्याचा, आणि हसिनानं भांडू नये.

इथवर लिहून झालं आणि इनायत आला. कुणीतरी तळेगावला बातमी पोचवली होती. दत्तोबा कागद आवरू लागले, मी म्हणाले, चालू राहू द्या, हेही यातच येईल.

दत्तोबांनी त्याला पाचवं कलम वाचून दाखवलं. तो तांबडालाल झाला. "बुबू, दगडूभाईच्या पोरीला रस्त्याकडचा खण? ज्यानं तुला गावभर चोर ठरवलं, त्याच्या पोरीला?"

मी म्हणाले, "चोर मला ठरवलं होतं, तुला नाही. तू कशाला तापतोस?"

"सोडावॉटरवाला जागा बघून गेलाय. चांगलं भाडं देतोय. तिला मागचा खण दे की, मी कुठं नाही म्हणतो?"

"आणि बायका बांगड्या भरायला कुठून येणार? तुझ्या सोडा पिणाऱ्या बाप्यांच्या मांड्यांवरून?"

"मग तिनं गावं फिरावीत."

"पावसाळ्यात? तू फिर कुरवंड्याला, मी बघते."

खोलीत धुकं आलं होतं, त्यात त्याचा फेटा तेवढा दिसत होता. हसिनानं चहा आणून ठेवला आणि आत गेली. तिनं एक शब्द काढला नाही, हे इथं नोंदवावं. इनायत बशीत चहा ओतून तसाच बसला. मी त्याला काही समजावलं नाही, विनवलं नाही. थकले होते. त्याच्या हाताकडं बघत होते. बशी धरलेला तो हात आता म्हाताऱ्याचा दिसत होता, आणि मला एकदम त्याची फार माया आली.

मग तो दत्तोबांना म्हणाला, "मी हो म्हटलं, की झालं? लिहिलंत की पक्कं?"

दत्तोबा म्हणाले, "नाही. पेशइमाम सांगून गेलेत. बाई हयात असताना वारसानं दिलेला होकार धरत नाहीत. त्या गेल्यावर तुम्ही हो म्हणायचं. तेव्हाचं तेच खरं."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे बाई आधी जाणार, मग तुमचं हो."

इनायतनं बशी खाली ठेवली. चहा सांडला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"माझं हो लागू व्हायला बुबूनं मरायचं?"

"शरियत तशी आहे."

"मग 'नाही' लिहा."

दत्तोबांनी टाक उचलला, पण कागदाला टेकवला नाही.

"लिहा ना!" इनायत ओरडला. "इनायत नाही म्हणतो. बुबू आहे तोवर इनायतचं 'नाही'च. असं लिहा, ठळक लिहा!"

दत्तोबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, तो म्हणतो तसं लिहा.

सबब, रस्त्याकडच्या खणाबाबत वारस इनायत याचा आज रोजी नकार आहे. तो त्यानं माझ्यासमक्ष, माझा हात हातात धरून दिला, आणि मी तो मान्य केला आहे.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, ते मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

मुक्काम लोणावळे, बुधवार, तारीख १८ ऑगस्ट सन १९३७.

जैतुनबी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

हस्ताक्षर दत्तोबाचे. मजकूर बाईंच्या सांगण्याप्रमाणे, माझ्या मनाचा एकही शब्द नाही.

साक्षीदार: रखमाजी, राहणार कुरवंडे. समक्ष.

साक्षीदार: सोपान, रेल्वेत नोकरी, राहणार लोणावळे. समक्ष.

वारसाची सही: इनायत. वर लिहिलेला नकार माझा आहे. तो बदलायची मला घाई नाही.